बास मासा गळाने कसा धरावा : पाण्याची पारख, आमिष आणि मासा परत सोडण्याची रीत

गळ टाकून बास धरायला शिकणारा बहुतेक प्रत्येक जण पहिला प्रश्न आमिषाचा विचारतो, आणि माझ्या मते तिथेच त्याचा बराचसा काळ वाया जातो. आमिष कितीही उत्तम असले तरी जिथे मासाच नाही तिथे ते निरुपयोगी ठरते, आणि कोणत्याही तलावाचा बराच मोठा भाग कोणत्याही दिवशी बासच्या दृष्टीने रिकामाच असतो. आयुष्यभर हा मासा गरवत आल्यावर माझा क्रम ठरून गेला आहे: आधी पाण्याचे तापमान पाहावे, मग आडोसा शोधावा, मग खोलीचा अंदाज घ्यावा आणि आमिषाची पेटी सर्वांत शेवटी उघडावी. पुढील मार्गदर्शनही साधारण त्याच क्रमाने दिले आहे.

मासा नीट ओळखणे

येथे बास म्हणजे लार्जमाउथ बास. हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील गोड्या पाण्याचा मासा असून युरोपच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या समुद्री बासशी त्याचा संबंध नाही. त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे स्मॉलमाउथ बास. तोंड मिटलेले असताना वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे गेले, तर मासा लार्जमाउथ समजावा, आणि ते डोळ्याखालीच संपले तर स्मॉलमाउथ. शिवाय लार्जमाउथच्या हिरवट अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काळपट आडवा पट्टा असतो, तर स्मॉलमाउथचे अंग तपकिरी आणि पट्टे उभे असतात. हा फरक केवळ नावापुरता नाही, कारण स्मॉलमाउथला थंड, स्वच्छ, खडकाळ आणि बरेचदा वाहते पाणी मानवते, तर लार्जमाउथला उबदार, संथ आणि वनस्पतींनी भरलेले.

लार्जमाउथची शरीररचना पाहिली की त्याच्या सवयी आपोआप उलगडतात. रुंद, आखूड अंग आणि प्रचंड तोंड असलेला हा मासा लांबवर पाठलाग करण्यासाठी घडलेला नाही. तो आडोशाला दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की जबडा व कल्ले एकदम उघडून पाण्यासकट त्याला आत ओढून घेतो. जे आत ओढले ते खाण्याजोगे नाही असे जाणवले तर तितक्याच वेगाने बाहेरही टाकतो, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला यातले काहीच कळलेले नसते. अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या संवेदनरेषेमुळे त्याला पाण्यातली बारीकशी थरथरही जाणवते, म्हणून गढूळ पाण्यातही तो आमिष शोधून काढतो, आणि म्हणूनच होडीच्या तळावर आपटलेली पेटी किंवा काठावरची दणदण पावले त्याला सावध करतात.

आकाराबद्दल अपेक्षा वाजवी ठेवाव्यात. जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंस, म्हणजे सुमारे 10.09 किलो वजनाचा बास धरला. त्याच्या बरोबरीचा मासा मिळायला 2009 साल उजाडावे लागले. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना मिळालेला तो मासा 10.12 किलोंचा होता, पण जुना विक्रम मोडण्यासाठी किमान दोन औंसांची वाढ लागते या नियमामुळे दोन्ही नावे आजही बरोबरीने नोंदलेली आहेत. सर्वसाधारण पाण्यात दोन किलोंचा बास हा कोणालाही अभिमान वाटावा असा मासा आहे.

पहिली पायरी : तापमान

बास हा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याची भूक, त्याचा वेग आणि त्याची जागा पाण्याच्या तापमानावर ठरते. साधा तापमापक दोरीला बांधून पाण्यात सोडला तरी पुरतो, मात्र नुसत्या पृष्ठभागावर विसंबू नये. दुपारच्या उन्हात वरचे वीतभर पाणी तापलेले असते आणि त्याखाली वेगळीच परिस्थिती असते.

पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मासा खोल, तीव्र उताराच्या जवळ राहतो आणि त्याचे पचन इतके मंदावलेले असते की तो क्वचितच खातो. अशा वेळी आमिष जवळजवळ स्थिर ठेवावे लागते, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याने घरी राहून गाठी बांधण्याचा सराव करावा. तापमान 10 ते 15 अंशांच्या दरम्यान चढू लागले की वर्षातला सर्वांत चांगला काळ सुरू होतो, कारण विणीच्या तयारीत असलेले वजनदार मासे खोल पाण्यातून उथळाकडे सरकू लागतात. ते वाटेल तिथून येत नाहीत. पाण्यात घुसलेली जमिनीची सोंड, बुडालेल्या ओढ्याचे जुने पात्र, उतारावरची दगडांची रांग अशा ठरावीक वाटांनी येतात आणि त्या वाटेवर थांबे घेतात. उत्तर गोलार्धात तलावाच्या उत्तरेकडील काठाला ऊन अधिक मिळते आणि उत्तरेच्या थंड वाऱ्यापासून आडोसाही मिळतो, त्यामुळे तिथले काळ्या चिखलाचे उथळ भाग इतरांपेक्षा आधी तापतात. दोन अंशांचा फरकसुद्धा मासे गोळा करायला पुरतो.

साधारण 15 ते 24 अंशांच्या टप्प्यात वीण होते. नर शेपटीने तळ झाडून गोलाकार घरटे करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि अंडी व पिले यांची राखण नरच करतो. घरट्यावरचा नर भुकेने नव्हे तर रागाने आमिषावर तुटून पडतो, त्यामुळे तो धरणे सोपे असते. तो काही मिनिटे जरी दूर राहिला तरी टपून बसलेले लहान सनफिश अंडी फस्त करतात. याच कारणाने कॅनडातील ऑन्टॅरिओच्या बऱ्याच भागांत जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत बासचा हंगाम बंद असतो. अनेक ठिकाणी मात्र अशी बंदी नाही. कायदा काहीही म्हणो, घरट्यावर उघड दिसणाऱ्या माशावर गळ टाकण्यात मला कधी कौशल्य दिसले नाही.

उन्हाळ्यात पाणी 27 अंशांच्या आसपास गेले की दिवसाचे दोनच भाग कामाचे उरतात, पहाट आणि सांज, आणि धाडस असेल तर रात्र. खोल तलावात या दिवसांत पाण्याचे थर पडतात: वर उबदार, खाली थंड, आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ पट्टा. त्या पट्ट्याखालील पाण्यात बरेचदा प्राणवायू फार कमी असतो. म्हणून ‘उन्हाळ्यात मासा खोल जातो’ हे ऐकून तळापर्यंत आमिष सोडणारा माणूस ओसाड पाण्यात गळ टाकत बसतो. मासा त्या पट्ट्याच्या वरच असतो, नाहीतर दाट वनस्पतींच्या सावलीत, जिथे पाणी उथळ असूनही सुसह्य असते. शरद ऋतूत थर मोडतात, लहान माशांचे थवे खाड्यांच्या आतल्या टोकांकडे वळतात आणि बास त्यांच्या मागोमाग जातो.

हवामानाबद्दल एकच गोष्ट सांगतो. ढगाळ, किंचित वारा असलेला दिवस निरभ्र दिवसापेक्षा जवळजवळ नेहमीच बरा असतो, आणि थंड हवेची लाट येऊन गेल्यानंतरचा निळ्याभोर आकाशाचा दिवस सर्वांत कठीण. त्या दिवशी मासे कुठे जात नाहीत, फक्त आडोशाला अगदी चिकटून बसतात, त्यामुळे आमिष लहान घ्यावे आणि आडोशाच्या आत टाकावे, जवळपास टाकून भागत नाही.

दुसरी पायरी : आडोसा आणि तळाची ठेवण

पाण्यावर पोहोचल्यावर लगेच गळ टाकू नये. ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून थोडा वेळ नुसते पाहावे. या चष्म्यामुळे पृष्ठभागावरची चकाकी कमी होऊन बुडालेले ओंडके, गवताच्या कडा आणि कधी कधी मासाही दिसतो. शिवाय उडत्या गळापासून डोळ्यांचे रक्षण होते.

पाहायचे काय, तर दोन गोष्टी. एक म्हणजे ज्यात मासा लपू शकेल अशा वस्तू: कमळाची पाने, लव्हाळी, पाण्यात कोसळलेले झाड, धक्क्याचे खांब. दुसरी म्हणजे तळाची ठेवण: सोंड, कडा, ओढ्याचे पात्र, मातीचा तळ संपून दगड सुरू होतात ती जागा. नवशिका पहिल्या प्रकाराकडे पाहतो कारण तो डोळ्यांना दिसतो. जाणता माणूस दोन्ही जिथे एकत्र येतात ती जागा हुडकतो. दहा पडलेल्या झाडांपैकी ज्या एकाचा शेंडा खोल पाण्यावर आला आहे, त्याच झाडाखाली चांगला मासा असण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण त्याला सावलीही मिळते आणि धोक्याच्या वेळी खाली सटकायची वाटही. त्याचप्रमाणे गवताच्या सलग पट्ट्यात जिथे खाच आहे, कोपरा आहे किंवा दोन वनस्पतींची सरमिसळ आहे, तिथे आधी आमिष टाकावे.

वारा ज्या काठावर आदळतो तो काठ टाळण्याकडे सर्वांचा कल असतो, कारण तिथे उभे राहणे त्रासाचे आहे. पण वाऱ्याबरोबर सूक्ष्म जीव त्या काठाकडे ढकलले जातात, त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि लाटांमुळे पाण्यात शिरणारा प्रकाश तुटल्यामुळे बास निर्धास्तपणे शिकार करतो. पाणी फार थंड नसेल तर मी त्याच काठावर जातो.

तिसरी पायरी : काठी, रील आणि दोर

सुरुवातीला एकच काठी पुरे. साडेसहा ते सात फूट लांबीची, मध्यम ताकदीची आणि टोकाकडे लवकर वाकणारी काठी घ्यावी, तिला 2500 क्रमांकाचे स्पिनिंग रील, म्हणजे दोर गुंडाळायची स्थिर फिरकीची चकरी, जोडावे. बेटकास्टिंग रील, ज्याची फिरकी दोर सुटताना स्वतः फिरते, जाड दोर आणि जड आमिषांसाठी उत्तम असते, परंतु ते अंगठ्याने आवरायला शिकेपर्यंत दोराचा गुंता सोडवण्यातच दिवस जातो. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे.

दोराचे तीन प्रकार आहेत. नायलॉनचा तंगूस स्वस्त असतो, ताणला जातो आणि पाण्यात सावकाश बुडतो, त्यामुळे पृष्ठभागावरच्या आमिषांना तो योग्य. फ्लुरोकार्बन लवकर बुडतो, पाण्यात कमी दिसतो आणि घासणीला टिकतो. विणलेला दोर ताणला जात नाही, जाडीच्या मानाने अतिशय बळकट असतो, पण स्वच्छ पाण्यात सहज दिसतो. दाट गवतातून मासा खेचायचा असेल तेव्हा त्याला पर्याय नाही. एकच निवडायचा तर मी 8 ते 10 पौंड ताकदीचा फ्लुरोकार्बन निवडतो. रीलचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणाला सुटेल इतका घट्ट ठेवावा.

गाठ पॅलोमार बांधावी. दोर दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवावा, त्याची सैलसर साधी गाठ मारावी, तयार झालेल्या फासातून संपूर्ण गळ काढून घ्यावा, गाठ थुंकीने ओली करावी आणि मग सावकाश आवळावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने दोर कमजोर होतो. प्रत्येक मासा धरल्यानंतर शेवटचा हातभर दोर बोटांतून फिरवून पाहावा आणि किंचितही खरखरीत लागला तर तेवढा तोडून नव्याने गाठ बांधावी. हे काम सर्वांना माहीत असते आणि कोणीही करत नाही.

वजनासाठी शक्यतो टंगस्टन वापरावे. ते शिशाहून खूप घन असल्याने त्याच वजनाचा तुकडा लहान असतो, आणि तळाचा दगड, चिखल व लाकूड यांतला फरक दोरातून अधिक स्पष्ट कळतो. पाण्यात सुटलेले शिशाचे तुकडे गिळून पाणपक्षी विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंसांच्या मृत्यूंमुळे 1987 साली गळाला लावायच्या बहुतेक शिशांवर बंदी आली, आणि अमेरिकेतील काही राज्यांनीही लून पक्ष्यासाठी असेच नियम केले आहेत.

चौथी पायरी : आमिष

माझ्या पेटीतली सर्व आमिषे काढून घेऊन एकच ठेवायला सांगितले तर मी मऊ प्लॅस्टिकचा किडा ठेवीन. ओहायोतील निक क्रीम यांनी 1949 साली हा किडा ओतून तयार केला, आणि बास धरण्याची रीत त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही.

तो टेक्सास पद्धतीने लावावा. आधी दोरात गोळीच्या आकाराचे 5 ते 7 ग्रॅमचे वजन निमुळते टोक वर येईल असे ओवावे, मग 3/0 मापाचा, मानेत बाक असलेला गळ बांधावा. गळाचे टोक किड्याच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर सरळ खुपसून बाजूने बाहेर काढावे, गळ ओढत नेऊन त्याचा डोळा डोक्यात लपवावा, गळ अर्धा फिरवावा आणि टोक पुन्हा किड्याच्या अंगात असे घुसवावे की किडा अगदी सरळ राहील आणि टोक त्वचेच्या आतच दडेल. किडा वाकडा लागला तर तो पाण्यात गोल फिरतो, दोराला पीळ बसतो आणि मासा दूर राहतो. नीट लावलेला किडा गवतातून, फांद्यांतून न अडकता जातो.

टाकताना तो आडोशाच्या थोडा पलीकडे, कमीत कमी आवाज करीत पडावा. पडल्यावर दोर किंचित सैल सोडून किडा तळापर्यंत जाऊ द्यावा आणि त्या वेळी नजर दोरावरून हलू देऊ नये, कारण बरेचसे चावे किडा बुडत असतानाच येतात. दोर टचकन उडाला, बाजूला सरकू लागला किंवा तळ यायच्या आधीच थांबला तर मासा आला असे समजावे. काहीच झाले नाही तर काठीचे टोक हळूच वर उचलून किडा एक-दोन फूट पुढे आणावा, टोक खाली नेताना सैल पडलेला दोर गुंडाळावा आणि थांबावे. किती थांबावे हे विचारणाऱ्याला मी सांगतो की कंटाळा येईल त्याच्या दुप्पट. मासेमारीत वेग वाढवण्याचा मोह फार होतो, आणि या आमिषाचे सगळे यश संथपणात आहे.

इतर आमिषांचे काम पाणी लवकर चाचपून पाहण्याचे. वाऱ्याने ढवळलेल्या, जरा गढूळ पाण्यात फिरत्या पात्यांचा स्पिनरबेट चालतो. खडकाळ उतारावर बुडी मारणारा क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचे टणक आमिष, मुद्दाम दगडांवर आपटत आणावा, कारण आपटून दिशा बदलण्याच्या क्षणीच मासा झडप घालतो. कमळाच्या पानांवर पोकळ रबरी बेडूक, थंड पाण्यात जिग, म्हणजे जड डोक्याचा गळ, आणि अतिशय स्वच्छ, खोल पाण्यात ड्रॉप शॉट, ज्यात वजन दोराच्या टोकाला आणि गळ त्याच्या वर हातभर असतो. रंगांवर फार डोके शिणवू नये: स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा-निळा, इतके पुरते. रंगांची बाकीची विविधता माशांपेक्षा गिऱ्हाइकांना गळाला लावण्यासाठी आहे असे माझे मत आहे.

पाचवी पायरी : झटका आणि ओढ

किड्याला चावा आला की काठी खाली करून सैल दोर गुंडाळावा आणि ताण जाणवताच काठी जोराने वर घ्यावी. गळाच्या टोकाला आधी प्लॅस्टिक आणि मग जबडा भेदायचा असतो. क्रँकबेटच्या तीन टोकी गळाला असा झटका दिला तर तो तोंडातून निसटतो, तिथे गुंडाळणे चालू ठेवून काठी बाजूला झुकवणे पुरेसे आहे. बेडकावर पाणी फुटले की हात आपोआप उठतो, आणि तेच आवरायचे असते: माशाचे वजन हाताला लागल्याशिवाय झटका देऊ नये. मासा लागल्यावर दोर कधीही सैल पडू देऊ नये. दोर वर चढू लागला तर मासा उडी मारणार हे ओळखून काठीचे टोक पाण्याजवळ न्यावे, कारण हवेत डोके झटकूनच तो गळ सोडवतो.

सहावी पायरी : मासा हाताळणे व सोडणे

परवाना, किमान लांबी आणि दिवसाची मर्यादा यांचे नियम जागोजागी निराळे असतात. ते आधीच पाहून घ्यावेत. मासा परत सोडण्याची प्रथा अमेरिकेत बळावली ती 1972 पासून, रे स्कॉट यांनी आपल्या बास स्पर्धांमध्ये मासे जिवंत ठेवून सोडण्याची पद्धत सुरू केल्यानंतर. पण हा नियम सर्वत्र लागू करणे चूक ठरेल. ज्या देशांत बास बाहेरून आणला गेला तिथे त्याने स्थानिक माशांचे अतोनात नुकसान केले आहे, आणि जगातील सर्वांत घातक अशा 100 आगंतुक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. बिवा सरोवरात धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला 2003 पासून मनाई आहे. अशा ठिकाणी मासा ठेवून खावा, आणि एका तलावातला जिवंत बास दुसऱ्या तलावात कधीही नेऊ नये.

जिथे सोडायचा असेल तिथे तयारी मासा लागण्यापूर्वीच करावी: गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकावेत, पक्कड खिशात ठेवावी, जाळे गाठी नसलेले, रबरी असावे. माशाला हात लावण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी शिरते. अंगठा खालच्या ओठात घालून मासा उभा धरावा. त्याचे दात कानशीसारखे बारीक असतात, इजा होत नाही. वजनदार माशाला जबड्याने धरून आडवे लोंबकळवू नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा. छायाचित्र घ्यायचे असेल तर मासा बाहेर काढताना आपणही श्वास रोखावा, आणि आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की तो पाण्यात परत गेलेला असावा. गळ घशात खोल गेला असून सहज निघत नसेल, तर ओढाताण न करता गळाजवळ दोर कापून टाकावा.

सर्वाधिक काळजी भर उन्हाळ्यात आणि खोल पाण्यात घ्यावी लागते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे दमलेला मासा पोहत गेला तरी नंतर दगावू शकतो. अशा दिवसांत जाड दोर वापरून झुंज लवकर संपवावी. सुमारे नऊ मीटरपेक्षा खोलून वर आणलेल्या बासचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, दाब कमी झाल्याने फुगतो आणि सोडल्यावर तो खाली जाऊ न शकता कुशीवर तरंगत राहतो. सुईने हवा काढण्याचा उपाय सरावलेल्या हातांचे काम आहे. ज्याला तो सराव नाही त्याने असा एखादा मासा वर आणल्यावर त्या जागी पुन्हा गळ टाकू नये आणि उथळ पाण्याकडे होडी वळवावी, मग खाली कितीही मासे लागत असोत.